मुहूर्त १२ वाजून २२ मिनिटांचा, हॉल ११ वाजल्यापासूनचा

इंदूरच्या मराठी घरांत लग्न ठरलं की साखरपुड्याच्या आधीच जागेवरून वाद सुरू होतो. आजी-आजोबांना समाजाचा हॉल नाहीतर ओळखीचं कार्यालय हवं असतं. आई-वडील बायपासवरच्या गार्डनचे, म्हणजे लग्नासाठी भाड्याने मिळणाऱ्या उघड्या लॉनचे, दर काढून बसलेले असतात. आणि पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी मुलं विजयनगरकडच्या एखाद्या बड्या हॉटेलचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. एक बाजू म्हणते, हॉटेल म्हणजे नुसता थाट. दुसरी म्हणते, हॉटेल म्हणजे डोक्याला ताप नाही. भांडण चालतं ते हॉटेल कसं दिसतं यावर. हॉटेल विकतं काय, हे कोणी विचारत नाही.

हॉटेल तीन गोष्टी विकतं: खोली, ताट आणि सेशन. खोली दुपारी २ ला हातात येते आणि दुसऱ्या दिवशी १२ ला सोडायची असते. ताटाचा दर माणशी. सेशन म्हणजे हॉलच्या दिवसाचा तुकडा, साधारण ११ ते ४ लंचचा आणि ७ ते १२ डिनरचा. रात्री वरात, रात्री जेवण आणि मग फेरे, अशी लग्नं या मापात बरोबर बसतात, कारण मापच त्यांच्यावरून घेतलेलं आहे. मराठी लग्नाचं अंग वेगळं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी पुण्याहवाचन आणि देवक, मग गौरीहर, मुहूर्ताला अक्षता, त्यानंतर कन्यादान, होम, सप्तपदी आणि जेवणं. मुहूर्त १२ वाजून २२ मिनिटांचा असेल तर गुरुजी ८ ला पाटावर बसतात. हॉल ११ ला उघडणार. मधले तीन तास लग्न कुठे करायचं, याचं उत्तर हॉटेलच्या दरपत्रकात नसतं.

बरं, गोरज मुहूर्त घ्यावा म्हटलं तर डिसेंबरात इंदूरचा सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे लंचचं सेशन संपलेलं, डिनरचं अजून सुरू व्हायचं, आणि मुहूर्त बरोबर त्या फटीत. सेल्सवाले हसून 'हो जाएगा' म्हणतात. ते 'हो जाएगा' कागदावर आलं नाही तर त्या दिवशी डेकोरेटर, हाउसकीपिंग आणि गुरुजी तिघेही एकाच वेळी हॉलच्या दारात उभे राहतात.

यावर उपाय आहेत, पण ते ॲडव्हान्स देण्याआधी मागायचे असतात. सकाळच्या विधींना एक छोटी मीटिंग रूम, तीन-चारशे चौरस फुटांची, ७ वाजल्यापासून. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: आदल्या रात्री हॉल कोणाकडे आहे? रात्री १२ पर्यंत तिथे दुसरं रिसेप्शन असेल, तर आवराआवर होऊन तुमच्या मांडववाल्याला हॉल १ ला मिळतो. चार खांब, छत, फुलं आणि लाइट यांना सहा ते आठ तास लागतात. म्हणजे सकाळी ८ ला खांबांवर झेंडू बांधायचं काम चालूच असतं, आणि रात्रपाळीच्या मजुरीचं वेगळं बिल येतं. शिवाय हॉल मोठा असेल तर त्याचे घडीच्या पार्टिशनने दोन-तीन भाग केलेले असतात. या पार्टिशनमधून बोलणं अडतं, ढोल आणि डीजेचा दणका अडत नाही. इकडे 'शुभ मंगल सावधान' आणि पलीकडे संध्याकाळच्या संगीतचा साउंड चेक, हा प्रकार टाळायचा तर मुहूर्ताच्या आगेमागे अर्धा तास शेजारी आवाज नाही, ही एक ओळ करारात पुरते.

आता होम. हॉटेलच्या लग्नात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि सगळ्यात कमी चौकशीही इथेच. हॉलच्या छतात दोन वेगळ्या यंत्रणा असतात आणि लोक त्या एकच समजतात. स्प्रिंकलर धुराने फुटत नाही. त्यातली काचेची कुपी उष्णतेने फुटते. लाल द्रवाची कुपी ६८ अंशांना. होमाची ज्वाळा तिथवर सहसा पोहोचत नाही, मात्र मांडवाचं छत उंच बांधून त्याच्या टोकाला हॅलोजन लावले तर ते तेवढी उष्णता पोहोचवू शकतात. स्मोक डिटेक्टरला मात्र धूरच पुरतो. हॉटेलवाले आपल्या हॉलचा झोन, म्हणजे तेवढ्या भागातले डिटेक्टर, पॅनेलवर तासभर बंद करतात आणि निश्चिंत होतात. मग एसी आपलं काम करतो. हॉलमधली हवा ओढून घेतो, धूर बाहेरच्या पॅसेजपर्यंत नेतो, आणि तिथला डिटेक्टर चालू असतो. लाजाहोमाच्या मध्यावर सगळ्या मजल्याचा अलार्म वाजतो तो असा.

म्हणून झोन बंद करा एवढं सांगून भागत नाही. होमाच्या चाळीस मिनिटांत परतीची हवा (एसी हॉलमधून ओढून घेतो ती) बंद करून फक्त बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवायला सांगावं, आणि हॉटेलच्या फायरच्या माणसाला तिथे हजर ठेवावं. गच्चीकडे किंवा लॉनकडे दार उघडणारा हॉल मिळत असेल तर तोच घ्यावा, झुंबरं कमी असली तरी. धूर कमी करणं आपल्याही हातात आहे. धूर मुख्यतः गोवऱ्या आणि ओलसर समिधांचा. बोटाएवढ्या जाडीच्या खडखडीत वाळलेल्या आंब्याच्या काड्या, पेटवायला कापूर, आणि तूप पळीने थोडं थोडं. खाली तीन फूट बाय तीन फूट पत्र्याचा ट्रे, त्यावर विटांचा थर, विटांवर दोन इंच वाळू, आणि मग नऊ ते बारा इंचांचं तांब्याचं कुंड. हॉलचं कार्पेट बहुधा नायलॉनचं असतं. त्यावर निखारा पडला तर ते जळत नाही, वितळतं, आणि चौकोन बदलायचा खर्च आपल्या बिलात येतो. शेवटची चूक लग्न संपल्यावर होते. हाउसकीपिंगचा पोरगा उत्साहाने कुंड उचलतो आणि राख प्लॅस्टिकच्या डस्टबिनमध्ये ओततो. झाकणाची लोखंडी बादली आपण न्यावी, हे बरं.

काही ठिकाणी यावर 'स्मोकलेस हवन' म्हणून जेल पेटवून देतात. बुफेत पनीरच्या डेगखाली जळतं तेच ते जेल. ज्यांना चालतं त्यांना चालो. साक्षीला अग्नी हवा असेल तर लाकूड जळायला हवं, आणि ते जळू देणारं हॉटेल शोधावं, असं आमचं मत आहे.

हॉलची क्षमता हाही असाच एक शब्द. '५०० की कॅपॅसिटी' म्हणजे नाटकासारख्या ओळींत खुर्च्या मांडल्या तर. सहा हजार चौरस फुटांचा हॉल धरा. स्टेज २४ बाय १६, म्हणजे ३८४. मांडव आणि भोवती फिरायला जागा ४००. बुफेची साठ फुटी रांग, पुढे उभं राहायला जागा धरून ७२०. उरले साडेचार हजार. त्यातला पाचवा हिस्सा येण्या-जाण्याच्या वाटेला. गोल टेबलाभोवती माणशी बारा चौरस फूट धरले की पाचशेचे तीनशे होतात. छताची उंचीही बघावी: मांडव दहा-अकरा फुटांचा असतो आणि झुंबर खाली लोंबतं. हॉल वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट मोजाव्यात. दहा माणसांच्या दोन लिफ्ट, एका फेरीला दोन मिनिटं, म्हणजे दोनशे पाहुण्यांना वीस मिनिटं. मुहूर्त वीस मिनिटं थांबत नाही.

पैशाकडे येऊ. जेवणाचा दर समजा माणशी १,८०० सांगितला आणि २५० ताटं ठरली. साडेचार लाख झाले. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलेलं आहे, तिथल्या जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ८१,००० आणखी. तेच जेवण गार्डनमध्ये केटररने दिलं तर ५ टक्के, २२,५०० रुपये. ताट तेच, दर तोच धरला तरी फरक साडेअठ्ठावन्न हजारांचा. खोल्यांचं गणित तर याहून गमतीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याच्या वर १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांची घासाघीस सोडून दिली तर हजाराच्या वर जातात, तेही दर खोलीला, दर रात्री. नाश्ता धरून दर किती, हे विचारताना ही रेघ लक्षात ठेवावी.

याशिवाय बिलात सर्व्हिस चार्ज आला तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आणि रोखीचं: एका समारंभापोटी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१७ पासून बेकायदा आहे. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणून धड हॉटेल रोख घेतच नाही. गार्डनवाला घेतो, पण मग पावती देत नाही, आणि तारीख फिरली की तुमच्या हाती काहीच नसतं. हॉटेलच्या बाजूने हा एक चांगला मुद्दा आहे.

दुसरा चांगला मुद्दा आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. पण बंदिस्त बँक्वेट हॉलच्या आतल्या आत तो चालवायला त्याच नियमात मुभा आहे. बायपासवरच्या उघड्या गार्डनला ती नाही. तिथे पावणेदहाला मेहंदीची गाणी रंगात येतात आणि १० ला पोलिसांची गाडी येते. जानेवारीत लॉनवर रात्री दव पडतं, खुर्च्यांच्या गाद्या ओल्या होतात, म्हातारी माणसं शाली घेऊन जेवायच्या आत निघतात. हॉटेलात हे नाही. गाण्यांच्या परवान्याचे पैसे मात्र हॉटेल मागेल. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ती पुन्हा स्पष्ट केली आहे. सूचनेची प्रत सेल्सवाल्यासमोर ठेवली की तो 'ऊपर पूछता हूँ' म्हणतो. विचारू द्यावं.

तर मग हॉटेल घ्यावं की नाही? आमच्या मते याचं उत्तर यादीत आहे, म्हणून आधी यादी करावी आणि मग जागा बघायला निघावं. लोक नेमकं उलटं करतात. निम्म्याहून जास्त पाहुणे बाहेरगावचे असतील आणि एकूण माणसं दोनशेच्या आत असतील, तर हॉटेल शहाणपणाचं आहे आणि त्याला उधळपट्टी म्हणणं अन्यायाचं. पुण्याची आणि मुंबईची रात्रीची गाडी इंदूरला सकाळी लागते. कार्यालयात लग्न केलं तर त्या पाहुण्यांसाठी तीन लॉज, दोन टेम्पो ट्रॅव्हलर आणि दिवसभर फोन घेऊन फिरणारे दोन चुलतभाऊ लागतात. हा खर्च कोणी हॉटेलच्या खर्चाशी ताडून पाहत नाही, कारण तो तुकड्या-तुकड्यांत आणि खिशातून जातो. (खोली २ ला मिळते ही अडचण हॉटेलातही आहेच. चार-पाच 'वॉश अँड चेंज' खोल्या, नुसत्या आंघोळीला आणि कपडे बदलायला, सकाळपासून फुकट मागाव्यात. हॉटेलवाल्यांचाच शब्द आहे, लगेच कळतो.)

आणि घासाघिशीचं बळ खोल्यांत असतं, ताटांत नाही. रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, आणि ती विकली तर तिच्यातलं बहुतेक हॉटेलच्या हातात राहतं; ताटात मात्र माल आणि माणसं दोन्हींचा खर्च असतो. म्हणून ताटामागे शंभर रुपये कमी करा म्हणून भांडण्यापेक्षा, चाळीस खोल्या दोन रात्री घेतो, त्या बदल्यात हॉल सकाळी ६ पासून द्या, मीटिंग रूम द्या, आदल्या रात्रीचं बुकिंग घेऊ नका, असं बोलावं. मराठी लग्नाला जे हवं ते सगळं असंच मिळतं.

उलट, यादी चारशेची असेल आणि त्यातले तीनशे रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगरचे असतील, तर हॉटेल चुकीचं. ही माणसं रात्री आपल्या घरी झोपणार. पश्चिमेकडच्या सुदामानगरातून विजयनगरपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत येणार, पार्किंगवाल्याला किल्ली देऊन लिफ्टसमोर उभी राहणार, पाऊण तास थांबणार. त्यांच्यासाठी तुम्ही दोन हजारांवर ताट भरताय, ज्याच्यातला बराच भाग त्यांनी न वापरलेल्या इमारतीचा आहे.

यावर हल्ली एक तोड निघाली आहे: लग्न हॉटेलात दीडशे माणसांचं, आणि 'बाकीच्यांना' गार्डनमध्ये रिसेप्शन. हिशेबाला ही तोड बिनचूक आहे. पण मराठी लग्नात आमंत्रण अक्षता टाकायला असतं, जेवायला बोलावणं हा त्याचा मागचा भाग. ज्या शेजारणीच्या ओसरीवर मुलगी वाढली तिला फक्त दुसऱ्या दिवशीच्या बुफेचं कार्ड, आणि ज्यांना नवरा मुलगा ओळखतही नाही अशा वडिलांच्या साहेबांना हॉटेलातलं, ही वाटणी गल्लीत कळते आणि लक्षातही राहते. यादी कापायचीच तर ऑफिसची कापावी. साहेबांना रिसेप्शनचं कार्ड दिलं तर त्यांचाही वेळ वाचतो.

तारखेचं थोडक्यात. अक्षय्य तृतीया, वसंत पंचमी हे इकडे अबूझ मुहूर्त, म्हणजे पंचांग न बघता लग्न लावायचे दिवस. त्या दिवशी दर बोलायचाच नाही, हॉल मिळाला हेच खूप. उलट डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इकडच्या लोकांचा मलमास, म्हणजे लग्नं न करण्याचा काळ असतो, हॉल रिकामे असतात. त्या काळातली तारीख तुमच्या गुरुजींना चालत असेल तर घासाघीस तेव्हा करावी. नाताळ ते ३१ डिसेंबर मात्र वगळून, तेव्हा हॉटेलांचा स्वतःचाच सण असतो.

जेवण. हॉटेलचा शेफ उत्तम पनीर करतो, आणि मसालेभात मागितला की काजू घातलेला व्हेज पुलाव आणतो. दोष त्याचा नाही, त्याच्याकडे गोडा मसाला नसतो. बाहेरचं शिजवलेलं अन्न हॉटेल आत येऊ देत नाही, कारण विषबाधा झाली तर परवाना त्यांचा जातो. पण सीलबंद मसाल्याचं पाकीट बहुतेक ठिकाणी चालतं. दोनशे माणसांना, बाकीची पक्वान्नं असताना, बारा किलो तांदूळ आणि पाव किलो गोडा मसाला पुरतो. चाखायला बोलावतील तेव्हा पनीर चाखण्यात वेळ घालवू नये; मसालेभात, अळूची भाजी आणि मठ्ठा एवढंच करून मागावं, बाकीचं त्यांना येतं. पंगत सगळ्यांची होत नाही. विहीण-व्याही आणि वडीलधारे अशी चाळीस पानं बसवून वाढून मिळतात, दहा पानांमागे एक वाढपी या हिशेबाने. वाढणाऱ्या मुलांना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे हे माहीत नसतं. पानाचा एक फोटो काढून त्यांच्या कॅप्टनला द्यावा, बोलण्यापेक्षा ते बरं.

हळद लॉनवर करावी. खोलीत केली तर चादरी-टॉवेलांचे पैसे लागतात, आणि हॉटेल ते उगाच लावत नाही. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे आपल्याला माहीतच आहे; लाँड्रीच्या साबणातही तोच खार, म्हणून पिवळा डाग धुतला की लाल होतो. घरी आपण असं कापड उन्हात टाकतो आणि डाग उडतो. हॉटेलात ऊन नाही, ड्रायर आहे. जुन्या चादरी आधीच मागून घेतल्या तर ते आनंदाने देतात. रुखवताला कार्यालयात कुलपाची खोली असते. हॉटेलात ते हॉलच्या बाहेर टेबलावर राहतं, आणि 'हे आवरायचं नाही' अशी चिठ्ठी नसेल तर सेशन संपताच आवरलंही जातं.

हे सगळं ज्या कागदावर उतरतं त्याला हॉटेलवाले फंक्शन प्रॉस्पेक्टस, बोलताना एफपी म्हणतात. करार महिनोन् महिने आधी होतो, एफपी आठवडाभर आधी, आणि हॉलमधले कर्मचारी फक्त एफपी वाचतात. करारात असलेलं पण एफपीत नसलेलं त्या दिवशी होत नाही. म्हणून त्यावर मुहूर्ताची वेळ मिनिटांसकट, होमाची वेळ, झोन बंद करणाऱ्याचं नाव, पंगतीची चाळीस पानं, सगळं लिहून घ्यावं. जादा काही मागवायचं तर सही एकाच माणसाची चालेल, हेही. तो माणूस वडील नसावा. ते त्या दिवशी कशालाही हो म्हणतात. मामा बरा.

आणि मामानेच ताटं मोजावीत. हॉटेल पाहुणे मोजत नाही, वापरलेल्या प्लेटा मोजतं. जेवण सुरू व्हायच्या आधी रचलेल्या थप्प्या मोजायच्या, संपल्यावर उरलेल्या मोजायच्या, वजाबाकी. दुसऱ्यांदा नवी प्लेट घेणारा माणूस दोनदा मोजला जातो, जिलबीसाठी मोठी प्लेट उचलणारी पोरं तर तीनदा. म्हणून गोडाच्या छोट्या प्लेटा वेगळ्या ठेवायला सांगायचं, फोटोग्राफर, बँडवाले आणि ड्रायव्हर यांचं जेवण वेगळ्या दराने वेगळ्या खोलीत लावायचं, आणि पहिली थप्पी उचलायच्या आत कॅप्टनबरोबर उभं राहून आकडा एफपीच्या मागे लिहून दोघांनी सही करायची. रात्री साडेबाराला, पाठवणीनंतर, डोळे पुसत बिल बघताना आकडा आठवत नसतो.